खपाचा आकडा आणि घरातले कपाट

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



राष्ट्र, इतिहास, अर्थकारण, समाजकारण अशा विषयांची सवय असलेल्या श्रोत्यांसमोर चित्रपटांच्या कॅसेटी आणि तबकड्या यांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रयोजन असे की, 'सर्वाधिक खपाची' म्हणून जी यादी वृत्तपत्रांतून छापली जाते, तिच्यावरून आपण लोकरुचीविषयी आणि पुढे जाऊन समाजाच्या मनाविषयी निष्कर्ष काढून मोकळे होतो. "लोकांना हेच हवे आहे" असे कुणी म्हटले की पुरावा म्हणून आकडा पुढे केला जातो. तो आकडा कोणी मोजला, कुठे मोजला, आणि मोजून झाल्यावर त्या वस्तूचे घरात काय झाले, हे मात्र कुणी विचारत नाही. आज ते विचारायचे आहे.

उदाहरणे बव्हंशी अमेरिकेतील आहेत. घरात चित्रपट विकत आणून जपून ठेवण्याचा व्यवहार तिथे प्रचंड वाढला आणि त्याची मोजदादही तिथे बारकाईने झाली. तिथल्या अनुभवातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

किंमत बदलली, मग सवय बदलली

१९७५ साली सोनी कंपनीने बीटामॅक्स हे यंत्र बाजारात आणले. पुढच्याच वर्षी जपानमध्येच जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस आले. दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम घरी मुद्रित करून सवडीने पाहण्याची सोय झाली, आणि हॉलिवूडच्या चित्रपटसंस्थांना धडकी भरली. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १७ जानेवारी १९८४ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निर्णय दिला की, नंतर पाहण्यासाठी घरी केलेले मुद्रण हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे. सामान्य कुटुंबाच्या घरी चित्रपटांचे कपाट उभे राहिले, त्याला कायद्याचा आधार मिळाला तो असा.

परंतु त्या काळी विक्रीची कॅसेट सामान्य माणसाला परवडत नव्हती. एकेका चित्रपटाची किंमत सत्तर-ऐंशी डॉलर असे. साहजिकच ती विकत घेत असे व्हिडिओ लायब्ररीचा मालक, आणि घरोघरी जाई ती भाड्याने. म्हणजे त्या काळातली 'सर्वाधिक खपाची' यादी ही घरांची यादी नव्हतीच. ती दुकानदारांच्या अंदाजाची यादी होती. १९८२ साली पॅरामाउंटने 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटाची किंमत एकदम चाळीस डॉलरपर्यंत खाली आणली. १९८८ साली 'ई.टी.' सुमारे पंचवीस डॉलरला मिळू लागला आणि त्याच्या दीड कोटीच्या आसपास प्रती गेल्या. १९९५ साली 'द लायन किंग'ची कॅसेट आली, तिने तीन कोटींचा टप्पा ओलांडला.

या आकड्यांवरून अमेरिकन माणसाचे चित्रपटप्रेम काही वर्षांत दुपटीने वाढले असे कुणी म्हणेल काय? प्रेम होते तेवढेच होते. किंमत उतरली, म्हणून भाड्याने आणणारा माणूस विकत घेऊ लागला. आपण समजतो की लोकांची सवय आधी असते आणि बाजार तिच्यामागून जातो. इथे क्रम उलटा होता. म्हणून दोन काळांतील खपाची तुलना करण्यापूर्वी त्या त्या काळातील किंमत पाहिली पाहिजे, हा पहिला धडा.

बालचित्रपट अग्रस्थानी का?

नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. पातळ, टिकाऊ, पुस्तकासारखी फळीवर उभी राहणारी, पाठीवर नाव मिरवणारी. 'द मॅट्रिक्स' हा अमेरिकेत दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा पहिला चित्रपट ठरला. दिग्दर्शकाचे निवेदन, चित्रीकरणाच्या हकिगती, वगळलेली दृश्ये अशी जोड असल्यामुळे चित्रपट पाहिलेला माणूसही तबकडी विकत घेऊ लागला. दिवाणखान्यातील फळी ही त्या घराच्या अभिरुचीची पाटी बनली.

आता त्या काळातील खपाची यादी पाहा. अग्रभागी 'द लायन किंग', 'फाइंडिंग निमो', 'श्रेक २' हे बालचित्रपट. नोव्हेंबर २००३ मध्ये 'फाइंडिंग निमो' विक्रीला आला तेव्हा पहिल्याच दिवशी सुमारे ऐंशी लाख प्रती गेल्या. यावरून अमेरिकन समाज पोरकट आहे असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. पण जरा घरात डोकावून पाहा. प्रौढ माणूस गंभीर चित्रपट एकदा पाहतो, फार तर दोनदा. त्यासाठी चित्रपटगृह आहे, भाड्याची कॅसेट आहे. चार वर्षांचे मूल तोच चित्रपट पन्नास वेळा पाहते, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच आनंदाने. पन्नास वेळा भाडे भरण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त, हा आईबापांचा सरळ हिशेब. त्यात नाताळच्या तोंडावर भेट म्हणून द्यायला यासारखी निर्धोक वस्तू नाही. ती यादी अमेरिकेची रुची सांगत नव्हती. कुठल्या चित्रपटाचे पारायण होते आणि कुठला भेट म्हणून दिला जातो, एवढेच ती सांगत होती.

याला व्यापाराच्या युक्तीचीही जोड होती. डिस्नेने आपले जुने अभिजात चित्रपट ठरावीक काळच विक्रीला ठेवावेत आणि मग काही वर्षांसाठी बाजारातून काढून घ्यावेत, असा रिवाज पाडला होता. आज घेतले नाही तर मूल मोठे होईपर्यंत मिळणार नाही, या धास्तीने पालक घाईने विकत घेत. अशा खपात आवडीइतकाच वाटा भीतीचा असतो.

पाठवलेला माल आणि विकलेला माल

याहून गमतीचा प्रकार पुढे आहे. 'इतक्या कोटी प्रती गेल्या' या वाक्यात 'गेल्या' म्हणजे कुठे गेल्या? कंपनीच्या गोदामातून दुकानाकडे, की दुकानातून घराकडे?

'श्रेक २' नोव्हेंबर २००४ मध्ये डीव्हीडीवर आला. सुरुवातीची विक्री इतकी दणदणीत होती की ड्रीमवर्क्स ॲनिमेशन कंपनीने पुढील मोठ्या विक्रीचे अंदाज बांधले. प्रत्यक्षात पहिला भर ओसरताच मागणी झपाट्याने घटली, आणि न विकलेला माल दुकानदारांनी परत पाठवायला सुरुवात केली. मे २००५ मध्ये अपेक्षेपेक्षा विक्री बरीच कमी झाल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. पाठोपाठ 'द इन्क्रेडिबल्स'च्या बाबतीत पिक्सार कंपनीवरही आपला अंदाज खाली आणण्याची वेळ आली. समभागांचे भाव कोसळले, भांडवल बाजाराच्या नियामकांनी प्राथमिक चौकशीही केली. चित्रपट लोकप्रिय होते यात शंका नाही. पण दुकानाच्या मांडणीवर ठेवलेली तबकडी आणि घराच्या कपाटातील तबकडी यांतील अंतर त्या दोन घटनांनी जगापुढे आणले.

ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात हे जुनेच दुखणे होते. अमेरिकेत 'प्लॅटिनम' हा मान ज्या आकड्यावर दिला जाई, तो परंपरेने दुकानांकडे पाठवलेल्या मालाचा. १९७८ साली 'सार्जंट पेपर' या चित्रपटाच्या गाण्यांचा संच असाच प्रचंड संख्येने पाठवला गेला आणि लक्षावधी प्रती परत आल्या. जेवढा पाठवला त्याच्या दुप्पट परत आला, असा विनोद त्या व्यवसायात अजून सांगतात.

मोजण्याची पद्धत बदलली की लोकरुचीच बदलल्यासारखी दिसते, याचे ठळक उदाहरण १९९१ सालचे आहे. तोपर्यंत 'बिलबोर्ड' या साप्ताहिकाची यादी दुकानदारांना विचारून तयार होई. दुकानदार सांगेल तो आकडा. त्याला ज्या संगीताची आवड किंवा ज्या कंपनीचा लोभ, ते वर. मे १९९१ पासून बिलाच्या यंत्रावर टिपलेल्या पट्ट्यांची प्रत्यक्ष नोंद घेतली जाऊ लागली. अवघ्या काही आठवड्यांत ग्रामीण वळणाचे 'कंट्री' संगीत आणि कृष्णवर्णीय तरुणांचे 'रॅप' यादीत वर चढले. ते श्रोते एका रात्रीत जन्माला आले नव्हते. ते आधीपासून होते, पैसे मोजून विकत घेत होते. पण ज्यांच्या हाती वही होती, त्यांच्या नजरेस ते पडत नव्हते. बंधू-भगिनींनो, हे वाक्य केवळ संगीतापुरते समजू नका.

ग्रंथव्यवहाराचे तेच. 'न्यू यॉर्क टाइम्स'ची खपाची यादी १९३१ पासून चालत आली आहे. 'द एक्झॉर्सिस्ट'चे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांची १९८३ सालची कादंबरी पुरेशी खपूनही यादीत आली नाही, म्हणून त्यांनी दावा लावला. त्यावर वृत्तपत्राची भूमिका अशी की, ही यादी म्हणजे गणिती मोजमाप नव्हे; तो संपादकीय मजकूर आहे आणि त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल वृत्तपत्राच्या बाजूने दिला. पुढे १९९५ साली व्यवस्थापनशास्त्रावरील एका पुस्तकाच्या प्रती लेखकांच्या बाजूनेच ठिकठिकाणच्या दुकानांतून घाऊक विकत घेतल्या गेल्याचा आरोप झाला. तेव्हापासून घाऊक खरेदीचा संशय असलेल्या पुस्तकापुढे खंजिराचे चिन्ह छापण्याचा प्रघात पडला. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही आपली म्हण त्या चिन्हाचा नेमका अर्थ सांगते.

घेतलेले आणि पाहिलेले

समजा, आकडा चोख आहे. तबकडी खरोखरच घरी आली आहे. ती पाहिली गेली काय?

१९९९ साली तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चित्रपट निवडायला सांगितले. काही आजच पाहण्यासाठी, काही पुढच्या दिवसांसाठी. आजसाठी लोकांनी हलकेफुलके चित्रपट निवडले. पुढच्या दिवसांसाठी 'शिंडलर्स लिस्ट'सारख्या गंभीर चित्रपटांची निवड वाढली. २००९ साली मिल्कमन, रॉजर्स आणि बेझरमन या अभ्यासकांनी ऑस्ट्रेलियातील टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका कंपनीच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळले ते असे की, माहितीपट आणि विचारप्रवर्तक चित्रपट घरात अधिक दिवस पडून राहतात. करमणुकीचे चित्रपट लवकर पाहून परत येतात. पुस्तकांविषयी असाच एक अर्धविनोदी हिशेब गणिती जॉर्डन एलेनबर्ग यांनी २०१४ साली मांडला. ई-पुस्तकात वाचक कुठल्या पानापर्यंत अधोरेखने करतात, यावरून वाचन कुठवर पोचले याचा त्यांनी अंदाज बांधला. गाजलेली वैचारिक पुस्तके पहिल्या काही पानांतच सुटतात, असे त्यात दिसले. विश्वरचनेवरील स्टीफन हॉकिंग यांच्या ग्रंथाचे नाव त्या मापालाच देण्यात आले.

विकत घेताना माणूस आपण जसे असावे असे त्याला वाटते, तसा वागतो. पाहताना मात्र तो जसा आहे तसा असतो. यात हिणवण्यासारखे काही नाही. चांगले पुस्तक, चांगला चित्रपट घरात आणावासा वाटणे हीसुद्धा सुसंस्कृतपणाचीच खूण आहे. पण इच्छा म्हणजे आचरण नव्हे, आणि खपाचा आकडा मोजतो ती इच्छा.

आपल्याकडचे आकडे

आपल्याकडे परिस्थिती आणखी गुंतागुंतीची. अधिकृत तबकडी महाग, पदपथावरची चोरटी प्रत स्वस्त, आणि चोरटी प्रत कुठल्याच यादीत नाही. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली, तेव्हा चोरट्या प्रतीशी प्रथमच भावात टक्कर झाली. किराणा दुकानापर्यंत तबकड्या पोचल्या. मराठी घरांतून, परदेशातील मराठी घरांतूनही, नाटकांच्या आणि चित्रपटांच्या तबकड्यांचे गठ्ठे दिसू लागले. किंमत उतरताच सवय बदलते, हा अमेरिकेतील धडा इथेही खरा ठरला. पुढे तंत्रज्ञान पालटले आणि २०१८ साली ती कंपनी अवसायनात निघाली. यादीत वर असणे आणि व्यवसाय टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. १९८७-८८ सालची रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, दूरदर्शनने पुन्हा दाखवली. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असे जाहीर झाले. अनेकांनी ते अभिमानाने पुढे पाठवले. लगेच वृत्तपत्रांनी दाखवून दिले की, अमेरिकेतील 'मॅश' मालिकेचा १९८३ सालचा अखेरचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता. यात रामायणाचे काय उणे झाले? काहीच नाही. तेहतीस वर्षांनी कोट्यवधी घरांत आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसून तीच कथा पाहतात, हे स्वयंसिद्ध आहे. विक्रमाची त्याला गरज नव्हती. उणे झाला तो न तपासता बोलणाऱ्याचा शब्द. आपल्याला प्रिय असलेला आकडा अधिक काटेकोरपणे तपासावा, हे पथ्य विशेषतः कार्यकर्त्याने पाळले पाहिजे.

गोरखपूरच्या गीता प्रेसकडे पाहा. १९२३ साली स्थापन झालेली ही संस्था. २०२३ साली तिला गांधी शांतता पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा १४ भाषांतील ४१.७ कोटी पुस्तके प्रसिद्ध केल्याचे आणि त्यांत १६.२१ कोटी प्रती श्रीमद्भगवद्गीतेच्या असल्याचे सांगण्यात आले. साप्ताहिक याद्या वेग मोजतात; शंभर वर्षे संथपणे वाहणारी नदी त्यांच्या मापात येत नाही. पण न्याय सर्वांना सारखा लावायचा तर हाही आकडा प्रकाशनाचा आहे, पठणाचा नव्हे. त्यांतील किती प्रती लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवल्या आहेत आणि किती रोज उघडल्या जातात, हे ज्याचे त्याने आपल्या घरापुरते सांगावे.

यादीत न येणारे संग्राहक

फिलाडेल्फियातील मॅरियन स्टोक्स या महिलेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या अहोरात्र मुद्रित केल्या. सुमारे सत्तर हजार कॅसेटी जमल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते वेड वाटले असेल. पण वाहिन्यांनी स्वतः जपले नाही असे पुष्कळ काही त्यात असल्यामुळे आज तो संग्रह अभ्यासकांसाठी जतन केला जात आहे. कोऱ्या कॅसेटीच्या खपात त्यांची नोंद एवढीच की, एक गिऱ्हाईक.

आपल्याकडे पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी अक्षरशः दारोदार फिरून रिळे मिळवली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे फाळके कुटुंबीयांकडून मिळाली, म्हणून आज आपण ती पाहू शकतो. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील फारच थोडे शिल्लक आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुनी ज्वालाग्राही रिळे जळाली, त्यांत प्रभातचा ठेवाही गेला. ज्या चित्रपटांनी एके काळी चित्रपटगृहे ओसंडून वाहिली, तेही गर्दीच्या बळावर वाचले नाहीत. वाचले ते कुणीतरी जपले म्हणून.

आता काय करायचे?

आज कपाटाची जागा पडद्याने घेतली आहे. अमेरिकेत ऐन भरात सुमारे १६ अब्ज डॉलरची असलेली तबकड्यांची वार्षिक विक्री २०२४ साली एक अब्जाच्या खाली आली. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. आकड्यांचा खेळ मात्र संपलेला नाही. याच कंपनीने २०२० च्या आरंभी दोन मिनिटे पाहणाऱ्यालाही 'प्रेक्षक' धरायला सुरुवात केली. त्याआधी बहुतांश भाग पाहावा लागे. २०२३ पासून एकूण पाहिलेले तास भागिले कार्यक्रमाची लांबी, असा हिशेब आला. चार वर्षांत 'प्रेक्षक' या शब्दाची व्याख्या दोनदा पालटली. शिवाय पडद्यावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असले तरी मिळतो तो बहुधा वापराचा परवाना. तो मागे घेतला जाऊ शकतो. २०२५ पासून कॅलिफोर्नियात विक्रेत्यांना हे स्पष्ट सांगणे कायद्याने भाग पडले आहे.

म्हणून माझी दोन मागणी आहेत.

पहिले, कुठलाही आकडा समोर आला की चार प्रश्न विचारावेत. कोणी मोजला? माल पाठवताना मोजला की पैसे हातात पडल्यावर? किती काळात? आणि त्यानंतर त्या वस्तूचे काय झाले? हेच प्रश्न आपल्या कामालाही लावावेत. अभियानात इतक्या हजार पुस्तिका वितरित झाल्या, विशेषांकाच्या इतक्या प्रती गेल्या, असे वृत्त आपण लिहितो. तो आकडा पाठवलेल्या मालाचा आहे. महिन्याभराने त्यांतील दहा घरांत जाऊन "वाचलेत का? काय पटले, काय पटले नाही?" असे विचारणारा कार्यकर्ता हजार प्रती वाटणाऱ्यापेक्षा समाजाला अधिक ओळखतो. उत्तर कदाचित निराश करील. तरीही ते ऐकले पाहिजे.

दुसरे, आपापल्या घरातील कपाट उघडा. त्यात बाजारातून आणलेल्या तबकड्यांच्या मागे घरच्या मुद्रणाच्या कॅसेटी असतील. मुंज, लग्न, गावची जत्रा, आजोबांचे भाषण, एखाद्या बुवांचे कीर्तन. बाजारात मिळणारा चित्रपट उद्या कुठे तरी पुन्हा मिळेल. या कॅसेटीची जगात एकच प्रत आहे. चुंबकीय फीत वर्षांगणिक झिजते, बुरशी धरते. ती चालवणारी यंत्रे बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६ सालीच उत्पादन थांबवले. तेव्हा ओळखीच्या तंत्रज्ञाकडून त्या संगणकावर उतरवून घ्या, दोन ठिकाणी प्रती ठेवा, आणि त्यात कोण कोण दिसते त्यांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नावे सांगणारी माणसेही कायमची नसतात.

आणि मग एखाद्या रविवारी सर्वांनी एकत्र बसून त्या पाहा. त्याची नोंद कुठल्याही यादीत होणार नाही. तरी ते पाहणे खरे.